जुना फ्रेटलेस बेस वाजता करताना: आधी फिंगरबोर्ड, मग बाकी सगळं

सांगली-मिरजेकडे जुना फ्रेटलेस बेस (गळ्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेला बेस गिटार) हाती येतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावरून. ऑर्केस्ट्रा बंद पडतो, मुलगा नोकरीला पुण्याला जातो, चर्चमध्ये नवं वाद्य येतं, आणि जुना बेस गवसणीत जाऊन बसतो. वर्षानुवर्षांनी तो बाहेर निघतो तेव्हा तारा गंजलेल्या असतात, नॉब फिरवला की खरखर होते, नेक म्हणजे गळा वाकलेला असतो. घेणारा आधी नव्या तारा घालतो. आवाज मनासारखा आला नाही की पिकअप (तारेची थरथर पकडणारं, तारांखालचं चुंबक) बदलायला निघतो. माझं म्हणणं वेगळं आहे. फ्रेटलेसमध्ये पहिला वेळ आणि पहिला पैसा फिंगरबोर्डावर, म्हणजे नेकवरच्या ज्या फळीवर बोटं पडतात तिच्यावर घालायचा. बोर्ड नीट असेल तर साधे पिकअपसुद्धा गातात. बोर्ड वाकडातिकडा असेल तर महागातले पिकअप तोच वाकडेपणा मोठ्याने ऐकवतात.

याचं कारण समजून घ्यायला मिरजेसारखी जागा नाही. सतारीच्या घोडीची जवारी काढताना कारागीर काय करतो? घोडीच्या माथ्याला कानशीने आणि पॉलिश पेपरने इतका हलका उतार देतो, की तार तिथून सुटताना पृष्ठभागाला पुसटशी घासत जाते. त्या घासण्यातून सूर फुलतो. फ्रेटलेस बेसवर हेच काम बोर्ड करतो. फ्रेटवाल्या बेसमध्ये तार धातूच्या एका कडेवरून सुटते आणि पुढे लाकडाला लागत नाही. फ्रेटलेसमध्ये ती तुमच्या बोटाखालून निघते आणि बोटाच्या पुढे बोर्डाला अगदी हलकी चाटत जाते. लोक ज्याला 'म्वा' म्हणतात तो लांबलेला, उघडत जाणारा आवाज इथूनच येतो. घोडीची जवारी दोन-तीन बोटं रुंदीच्या जागेत असते, इथे ती सुमारे ६० सेंटीमीटर लांबीच्या बोर्डावर काढायची असते. त्यामुळे पुढची सगळी कामं एका क्रमाने येतात: नेक, बोर्ड, नट (बोर्डाच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), तारा, उंची, सूर, आणि शेवटी वायरिंग. क्रम मोडला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

घेण्याआधी काय बघायचं

नेकचं टोक डोळ्याजवळ धरून बोर्डाच्या दोन्ही कडांवरून, बंदुकीचा नेम धरावा तसं बघा. दोन्ही कडा सारख्या वळलेल्या असतील तर चिंता नाही, ते काम ट्रस रॉडचं (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई). एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली तर नेक पिळलेला आहे. तसा बेस फुकट मिळाला तरच घ्या.

मग ट्रस रॉड. नटाच्या मागचं झाकण काढा, किंवा नेकच्या बुडाशी असलेलं तोंड शोधा. चावी बरोबर बसतेय का, ते बघा. बहुतेक आशियाई बनावटीच्या बेसना ४ किंवा ५ मिलिमीटरची अॅलन की लागते. अमेरिकन बनावटीत इंचाच्या मापाची लागू शकते, तिथे 'जवळपास बसणारी' चावी घातली तर आतला षटकोन झिजून गोल होतो. रॉड दोन्ही बाजूंना थोडा हलला पाहिजे. शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेला असेल, तर तो रॉड संपला असं समजा.

आपल्या भागात आणखी एक तपासणी करायलाच हवी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं आणि वाद्यंही पाण्यात गेली. मागचं वायरिंगचं झाकण उघडा. खोबणीच्या कोपऱ्यात बारीक गाळाची रेघ, स्क्रूच्या माथ्यावर चढलेला लालसर गंज, पिकअपखालचा फोम फुगून कडक झालेला, यातलं काही दिसलं तर बेस पाण्यात होता. त्यात भरीव लाकडाची बॉडी सहसा वाचते. प्लायची बॉडी मात्र थर सुटून कडांना फुगते. बोर्ड आणि नेक यांच्या जोडावर नख फिरवा. कुठे नख अडकलं किंवा पातळ कागद आत शिरला तर जोड उघडतोय. तो गोंद आणि क्लॅम्प लावून बसवता येतो, पण किंमत ठरवताना बोला.

शेवटी हे बघा, की बेस मुळातच फ्रेटलेस आहे की कुणी फ्रेट उपटलेत. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये एयूबी-१ हा फ्रेटलेस बाजारात आणला, फेंडर कंपनीचा फ्रेटलेस प्रिसिजन १९७० मध्ये आला. तरी आजही बरीच हौशी मंडळी फ्रेटचाच बेस बदलून घेतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नावाजलेला अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस याचा १९६२ चा फेंडर जॅझ बेस असाच होता. फ्रेट काढून, खाचा भरून, त्यावर इपॉक्सीचा (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) थर चढवलेला. फक्त खाचा कशाने भरल्यात ते बघा. पुट्टी भरलेली असेल तर ती पुढे काढावी लागेल.

सामान

सगळं इथेच मिळतं. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून साधारण दोन फूट लांब आणि एक इंच रुंद, जाड भिंतीचा चौकोनी पाइप घ्या. काचेच्या दुकानात टेबलाच्या जाड काचेवर तो टेकवून बघायचा. खालून उजेड आला नाही तर तो सरळ. हाच तुमचा घासायचा रूळ आणि हीच सरळपट्टी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) गॅरेजवाल्याकडे असतं, टॅपेट सेटिंगला तेच वापरतात. ०.१० मिलिमीटरपासूनच्या पात्या असलेलं घ्या. १२०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर आणि वॉटर पेपर, दुतर्फा चिकटपट्टी, मास्किंग टेप, अॅलन कीचा संच, बारीक कानस, ३० ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर. एवढ्यात काम होतं. सॅडलचा (ब्रिजवर, म्हणजे बेसच्या घोडीवर, प्रत्येक तार टेकते तो तुकडा) स्क्रू तुटून आत राहिला, किंवा पितळेचा एखादा तुकडा घडवून हवा असला, तर कुपवाड एमआयडीसीत लेथवर पोटापाण्याची कामं करणारे कारागीर असं काम सहज करून देतात. नमुना मात्र हातात घेऊन जा.

खोलणं आणि नेक सरळ करणं

तारा एकदम कापू नका. चारही तारा मिळून नेकवर ७० ते ८० किलोंचा ताण असतो. एकेक तार थोडी थोडी सैल करत या. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, विशेषतः वायरिंगचे. गंजून बसलेला स्क्रू जोर लावून फिरवला तर त्याचा माथा जातो. त्यावर गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा-एक मिनिट टेकवून ठेवा, मग फिरवा. धातू तापून फुगतो, गंजाची पकड सुटते.

नेक स्क्रूने बसवलेला असेल तर काढून घ्या. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काड्यांनी ती गच्च भरा, एक दिवस वाळू द्या, मग नव्याने बारीक भोक पाडा. सैल नेकवर सेटअप करण्यात काही अर्थ नसतो, कारण तार ताणली की नेक सरकतो.

आता तारांशिवाय नेक अगदी सरळ करायचा. रूळ बोर्डावर उभा ठेवा आणि उजेडाकडे तोंड करून बघा. मध्ये फट दिसत असेल तर नेक पुढे वाकलाय, रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा. मधला भाग टेकतोय आणि टोकं उचललेली दिसत असतील तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग दहा मिनिटं थांबा, लाकूड सावकाश हलतं.

फ्रेट काढायचे असतील तर

ज्यांचा बेस आधीच फ्रेटलेस आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न टेकवून तो टोकापासून टोकापर्यंत तापवा. खालचा जुना गोंद मऊ होतो आणि लाकूड कमी तुटतं. मग सपाट तोंडाची पकड फ्रेटच्या टोकाखाली सरकवून हलकेच दाबत चला. उपटायचं नाही. पकडीची धारच फ्रेटला वर ढकलते. तरीही रोजवूडचे बारीक कपचे सुटतातच. ते जागच्या जागी ठेवून पातळ सुपरग्लूचा थेंब द्या, फेकू नका.

खाचा साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीच्या असतात. प्लायवूडच्या दुकानात व्हीनिअर मिळतं, त्याच्या पट्ट्या कापून फेविकॉल लावून खाचेत पूर्ण खोलीपर्यंत बसवा. फिकट लाकडाचं व्हीनिअर घेतलं तर रेघा उठून दिसतात आणि सुराची जागा कळते. मला रेघा असलेला बोर्ड आवडतो, मंचावर अंधारात तो आधार असतो. खाचा रिकाम्या सोडायच्या नाहीत आणि पुट्टीनेही भरायच्या नाहीत. तारांच्या ताणाने बोर्डाची वरची बाजू दाबली जाते. खाचा रिकाम्या असल्या की तो दाब घ्यायला तिथे काही उरत नाही, आणि नेक पुढे झुकतो.

एक परिणाम आधीच लक्षात ठेवा. फ्रेट गेले की तारा फ्रेटच्या उंचीइतक्या, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर खाली आणाव्या लागतात. नटाच्या खाचा खोल कराव्या लागतील आणि सॅडलही खाली न्यावे लागतील. सॅडल तळाला टेकूनही तार उंच राहिली तर नेकच्या खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला पातळ व्हीनिअरची पट्टी सारायची. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीने ब्रिजजवळ बराच फरक पडतो.

बोर्डाची घासाई

घाई इथेच महागात पडते. तोंडावर मास्क लावा, रोजवूडची धूळ फुप्फुसाला आणि त्वचेलाही त्रास देते. शक्य असेल तर अंगणात बसा.

नेक घट्ट आधारावर ठेवा, जमलं तर दोन वाळूच्या पिशव्यांवर. पेन्सिलने संपूर्ण बोर्डावर आडव्या-तिडव्या रेघा मारा. रुळाच्या एका बाजूला दुतर्फा चिकटपट्टीने १२० नंबरचा पेपर लावा. रूळ तारांच्या वाटेने लांबीच्या दिशेत फिरवायचा, आडवा अजिबात नाही. बोर्डाला जी गोलाई आहे (साधारण साडेनऊ किंवा बारा इंच त्रिज्येची) ती अशीच टिकते. ई तारेच्या वाटेपासून सुरुवात करून प्रत्येक फेरीला रूळ जरासा जी तारेकडे सरकवत न्या, मग परत या. हाताचा भार रुळाच्या मध्यावर ठेवा. टोकांवर दाब दिला की बोर्डाची दोन्ही टोकं खाली जातात.

थोड्या फेऱ्यांनंतर थांबून बघा. जिथे पेन्सिल पुसली गेली तो उंचवटा, जिथे राहिली तो खळगा. जुन्या राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खडबडीत) तारांनी बोर्डावर चर पडलेले असतात, विशेषतः तिसऱ्या ते सातव्या जागेपर्यंत (जागा म्हणजे नटापासून मोजत, जिथे फ्रेट असतो किंवा असता ती सुराची जागा). सगळे चर काढायच्या हट्टाने लाकूड वाया घालवू नका. बोर्डाची जाडी बाजूने बघत राहा. शेवटचे एक-दोन खोल चर सुपरग्लू आणि रोजवूडच्या भुकटीने भरून सपाट करता येतात. पेन्सिलीच्या रेघा सगळीकडून एकसारख्या गेल्या की १२० चं काम संपलं. मग पुन्हा रेघा मारून २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे गेले पाहिजेत. एखादा टप्पा गाळला तर तेल लावल्यावर ते ओरखडे हमखास दिसतात.

नेक आणि बॉडी जिथे जुळतात, म्हणजे साधारण पंधराव्या जागेपासून पुढे, तिथे जुन्या बेसमध्ये उंचवटा येतो. ट्रस रॉडचा परिणाम तिथे जवळजवळ नसतो आणि तारांच्या ताणाने लाकूड तिथेच वर येतं. वरचे सूर 'चक' करून तुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. त्या भागात शेवटाकडे किंचित उतार ठेवला तर चालतो, उंचवटा मात्र मुळीच नको. पंधराव्या जागेच्या पुढे दोन-चार फेऱ्या जास्त मारायला हरकत नाही.

तेल, सुपरग्लू की इपॉक्सी

हे तुमच्या तारांवर ठरतं. फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात, बोर्ड खात नाहीत. त्यांच्यासाठी लाकडावर उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरे. आवाज ऊबदार, थोडा दबलेला येतो, भावगीताच्या साथीला मला हाच आवडतो. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

राउंडवाउंड तारांचा झगझगीत, गाणारा आवाज हवा असेल तर कठीण थर लागतो. पातळ सुपरग्लूचे अनेक हात देता येतात, पण त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात. त्यामुळे उघड्या जागेत, पंखा पाठीमागे ठेवून काम करा. इपॉक्सीसाठी टेबलावर ओततात तसलं स्वच्छ, पातळ रेझिन घ्या, घरगुती दोन ट्यूबवालं जाड अॅडहेसिव्ह नको. बोर्डाच्या कडांना मास्किंग टेपच्या भिंती करा, वजनाच्या काट्यावर दोन्ही भाग मोजून मिसळा, पातळ थर पसरा. पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या आणि मग पुन्हा रुळाने वरच्या क्रमानेच सपाट करा, शेवटी ८०० ते १००० नंबरपर्यंत. हे काम आपल्याकडे जून ते सप्टेंबरात करू नये. दमट हवेत इपॉक्सीच्या वर चिकट, मेणचट साय धरते. थंडीच्या दिवसांत दुपारी करावं.

नट

बहुतेक जुन्या बेसचा नट फ्रेटच्या हिशेबाने उंच असतो. फ्रेटलेसवर मोकळी तार नटापाशी बोर्डापासून एखाद्या व्हिजिटिंग कार्डाइतकीच वर हवी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. जास्त उंच असली की पहिल्या-दुसऱ्या जागेवर तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो.

खाच कापायला महागड्या कानशी नसल्या तरी चालतं. जुन्या राउंडवाउंड तारेचा तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा आणि खाचेत पुढेमागे ओढा. ज्या तारेची खाच, त्याच तारेचा तुकडा. माप आपोआप बरोबर येतं. खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, म्हणजे तार बोर्डाकडच्या कडेवर टेकून सुटेल. खाच खोल गेलीच तर हाडाची भुकटी आणि सुपरग्लूने भरून पुन्हा कापायची. नवा नट करायचा झाला तर मिरजेत सतारमेकरांकडे हाडाचा तुकडा मिळण्यासारखा आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाड घासून सुरेल करण्याचा जो हात तिथे पिढ्यानपिढ्या आहे, तो आपल्या नटालाही लागला तर चांगलंच.

तारा, वाकाव आणि उंची

३४ इंची (नट ते ब्रिज) बेससाठी ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा संच बरा. खुंटीवर दोन-तीन फेरे बसतील इतकी तार ठेवून आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सैल होतं आणि तार मुकी पडते. ई, ए, डी, जी अशी जुळवा (४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ) आणि एक रात्र तशीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी वाकाव, म्हणजे तारांच्या ताणाने नेकला आलेला किंचित पुढचा बाक, मोजा. पहिल्या जागेवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) किंवा डाव्या हाताचं बोट, उजव्या हाताने बोर्डाच्या शेवटी तार दाबायची आणि सातव्या-आठव्या जागेशी तारेखाली फीलर गेज घालायचं. फ्रेटवाल्या बेसला ०.३ मिलिमीटर चालतो, फ्रेटलेसला ०.१ ते ०.२ पुरे. वाकाव जितका कमी, तितकी तार बोर्डाच्या जास्त लांबीला हलकी चाटते. अगदी शून्य केला तर ती चाटत नाही, आपटते.

मग बाराव्या जागेवर तारेची उंची. जी तारेला दीड मिलिमीटरपासून, ई तारेला दोनपासून सुरुवात करा. हे आकडे फक्त सुरुवातीचे. खरा निर्णय कानाने घ्यायचा. जी तारेवर सातव्या जागेवर बोट ठेवा, मध्यम जोराने छेडा आणि सूर धरून ठेवा. सूर सुरू होताना बंद आणि मग उघडत गेला पाहिजे. सुरुवातीपासूनच फरफर येत असेल तर सॅडलचा स्क्रू अर्धा फेरा वर करा. अगदी स्वच्छ, कोरडा, लाकूड लागलंच नाही असा आवाज आला तर पाव फेरा खाली.

आता जी तारेवर दहाव्या जागेपासून चौदाव्यापर्यंत एकेक सूर वाजवत जा. समजा, दहाव्यावर छान फुलतोय आणि अकराव्यावर एकदम तुटतो. उंची वाढवायला धावू नका, त्याने बाकीच्या सगळ्या जागा मरतात. अकराव्या जागेवर तार दाबून ठेवा आणि तिच्या पुढे, ब्रिजच्या बाजूला, तारेखाली पातळ कागदाची पट्टी सरकवत न्या. जिथे पट्टी अडकते तिथे उंचवटा आहे. तिथे पेन्सिलने खूण करा, तार बाजूला सारा, छोट्या सपाट लाकडी ठोकळ्याला ६०० चा पेपर लावून त्या खुणेवर आणि पुढेमागे दोन-दोन इंच हलक्या सात-आठ फेऱ्या मारा. तार जागेवर आणून ऐका. पुन्हा तसंच करा. हे काम संथपणे होतं. तंबोऱ्याच्या तारेखाली सूत सरकवताना एका क्षणी जसा नाद उघडतो, तसा इथेही तो क्षण ऐकू येतो. एकदा ऐकला की बाकीच्या तीन तारांवर काय शोधायचं ते कळतं.

सुराच्या जागा

फ्रेटच्या गिटारीत बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय असते. इथे बोटाचं टोक बरोबर रेघेवर पाहिजे. फ्रेटच्या बेसवरून बदललेल्या नेकच्या कडेचे ठिपके दोन रेघांच्या मध्ये असतात, ते आता फसवतात. ते काळ्या रंगाने झाका आणि रेघांच्या बरोबर सरळ नवे ठिपके लावा. आधी चिकटणारे लावून महिनाभर वाजवा, मगच भोकं पाडून कायमचे बसवा.

बोर्डावर रेघा नसतील तर माप काढता येतं. नटाच्या कडेपासून ब्रिजपर्यंत ८६४ मिलिमीटर धरले तर तिसरी जागा १३७.५ वर, पाचवी २१६.७ वर, सातवी २८७.३ वर, नववी ३५०.३ वर, बारावी ४३२ वर आणि पंधरावी ५००.७ वर येते. मधल्या जागा काढायच्या तर उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढं पुढे सरकायचं. पट्टी एकदाच नटाला टेकवून सगळ्या खुणा करा. एका खुणेपासून दुसरी मोजत गेलात तर चूक साठत जाते.

सॅडल पुढेमागे करताना ट्यूनर लावा. बाराव्या जागेवर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक घ्या, मग त्याच जागेवर दाबून सूर घ्या. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नटापासून लांब न्या, उतरला असेल तर जवळ आणा. बोट किंचितही सरकलं तर आकडा बदलतो, म्हणून तीन-चारदा घेऊन बघा. ट्यूनरवर झाल्यावर तंबोऱ्याचं अॅप ए स्वरात लावून त्याच्यावर सप्तक वाजवा. कानाला जे खटकतं ते सुईवर दिसेलच असं नाही.

वायरिंग

इथे फार वेळ घालवायची गरज क्वचितच पडते. खरखरणाऱ्या पॉटमध्ये (नॉबखालचा, आवाज आणि टोन कमीजास्त करणारा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे मारू नका, त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरतं. पॉट बदलावाच लागला तर साध्या बेसला २५० किलोओहमचा, टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिकअप मल्टिमीटरवर तपासा. जॅझ पद्धतीचा सिंगल कॉइल साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, प्रिसिजन पद्धतीचा १० ते ११. काहीच आकडा नाही म्हणजे कॉइल तुटली. पुरात गेलेल्या बेसमध्ये हे आढळू शकतं. आत ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ती फुटून गळली नाही ना ते बघा, आणि वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवायची सवय लावा. जॅक लावलेला असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

ब्रिजखालून निघणारी अर्थिंगची वायर पुष्कळदा तुटलेली असते. तारांना हात लावला की गुणगुण कमी झाली तर वायर ठीक आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट जोडलेल्या असतात. गणपतीच्या मांडवात वाजवणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. बेसच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवाच्या तात्पुरत्या लाइनला अर्थिंग नसेल, तर हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की जोरदार शॉक बसू शकतो, जिवावर बेतू शकतं. वाजवायला बसण्याआधी माइकच्या जाळीला आणि तारांना टेस्टर लावून बघा, आणि टेस्टर पेटला तर इलेक्ट्रिशियनने लाइन दुरुस्त करेपर्यंत वाजवू नका.

पिकअपची उंची शेवटी. शेवटच्या जागेवर तार दाबून पिकअपपासून ती अडीच ते तीन मिलिमीटर वर राहील असं ठेवा. ब्रिजकडचा पिकअप जास्त उघडा ठेवला तर 'म्वा' पुढे येतो, नेककडचा वाढवला तर भरदारपणा येतो.

पावसाळा आणि उन्हाळा

सांगलीत मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत नेकला चैन पडत नाही. तो कोणत्या बाजूला जाईल हे त्या त्या लाकडावर ठरतं, म्हणून आधी मोजा, मगच चावी लावा. जूनच्या शेवटी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा वाकाव तपासला की पुरतं. फरक ०.१ मिलिमीटरचा निघाला तरी पाव फेरा द्यावाच लागतो, फ्रेटलेसवर तेवढा फरक कानाला ऐकू येतो. बेस भिंतीला टेकवून ठेवू नका, गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. तारा वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने खालूनवरून पुसा. घामातलं मीठ बोर्डावर साचलं की तेल लावलेलं लाकूड तिथे काळं पडतं, आणि तो डाग घासून काढायचा तर पुन्हा रूळच हातात घ्यावा लागतो.